एक महिना आणि तीस दिवस

चिमूरकडच्या एका खेड्यातली कुंता चंद्रपूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवायची. २००४ सालच्या पावसाळ्यात तिच्याकडे जंगलातल्या एका रोपवाटिकेचं काम आलं. कोणत्या वाफ्यातल्या सागाच्या रोपांना पुन्हा खत द्यायचं, ते संगणकाने सांगावं, एवढंच. खत देऊन महिना झाला की पुन्हा द्यायचं, असा तिथला साधा नियम.

साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची एक नवी भाषा तेव्हा घडत होती. कुंताने त्या भाषेत एका ओळीचा प्रश्न लिहिला, खत देऊन एक महिना झालेले वाफे कोणते? कॉलेजातल्या प्रोग्रामने तीस दिवस झालेले सगळे वाफे दाखवले. रोपवाटिकेतल्या प्रोग्रामने त्याच माहितीतून, त्याच ओळीवर, एकही वाफा दाखवला नाही.

"काऊन वो खुशालभाऊ, असं कसं झालं?" तिने लॅब सांभाळणाऱ्या खुशालभाऊंना विचारलं.

"तुमचंच काहीतरी चुकून राह्यलं असन, बाई. मशीन खोटं बोलत नाई."

कुंताने मग रोपं, वाफे, खत सगळं बाजूला काढलं आणि दोन्ही प्रोग्रामना एवढंच विचारलं, एक महिना मोठा की तीस दिवस? पहिला म्हणाला, सारखेच. दुसरा म्हणाला, ठरवता येत नाही.

कुंताच्या अंगावर काटा आला. 'ठरवता येत नाही' असं उत्तर तिला आजवर कोणत्याच यंत्राने दिलं नव्हतं.

भाषेचे नियम ज्यांत लिहिले होते ते दोन मसुदे तिने इंटरनेटवरून उतरवून घेतले. दोन्ही एकाच घराण्यातले, फक्त लिहिणाऱ्या समित्या वेगळ्या. दोन्हींत 'कालावधी' नावाचा माहितीचा एक प्रकार होता. पहिल्यात महिना सरसकट तीस दिवसांचा धरून कालावधीची तुलना आकड्यांसारखी करा, असं होतं. दुसऱ्यात महिना कधी अठ्ठावीस दिवसांचा, कधी एकतीस, म्हणून महिना आणि दिवस यांत लहानमोठं ठरवूच नये, असं होतं. आणि गंमत अशी, की 'कालावधी'चा अर्थ दुसऱ्याप्रमाणेच घ्यावा असं पहिल्यात, आणि पहिल्याप्रमाणेच घ्यावा असं दुसऱ्यात लिहून ठेवलं होतं.

खुशालभाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दोन्ही पानं वाचली. "म्हणजे दोघंबी प्रोग्राम खरे?"

"दोघंबी. मसुदेच एकमेकांसंग बोलले नाई, भाऊ."

तिने दोन्ही समित्यांना ईमेल केला. उत्तर येईल असं काही तिला वाटलं नव्हतं, पण आलं. 'हे आमच्या नजरेतून सुटलं. दोन्ही समित्यांच्या बुधवारच्या चर्चेत याल का? फोन आम्ही लावू.'

बुधवारी संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत ती आणि खुशालभाऊ फोनच्या पेटीभोवती बसले. पेटीतून आवाज येऊ लागले. कोणाकडे नुकतीच सकाळ झाली होती, कोणाच्या खिडकीबाहेर पाखरं ओरडत होती. एकजण म्हणाला, "तीस दिवस ठरवून टाकू, वाद मिटेल." मग अध्यक्षबाईंनी इंग्रजीत विचारलं, "चंद्रपूरच्या बाई, तुम्हाला काय वाटतं?"

धोंड्याचा महिना म्हणून कुंताची आई, मीराबाई, त्याच सकाळी वैनगंगेत बुडी मारायला मार्कंड्याला गेली होती. तेच तिच्या तोंडून निघालं.

"आमच्याकडे यंदा श्रावण दोनदा आहे. एक संपला की दुसरा. महिना किती दिवसांचा ते आमच्याकडे चंद्र ठरवतो. तीस कसे लिहायचे?"

"दोनदा?" पलीकडून कोणीतरी लहान पोरासारखं विचारलं.

मग एकेकाचं तोंड उघडलं. एकाच्या आजोळी महिने सगळ्या ऋतूंतून फिरत जायचे. एकीच्या देशात वर्षाला तेरावा महिना होता, पाचसहा दिवसांचा. नियम राहिले बाजूला. माणसं आपापला चंद्र सांगत बसली. कुंता श्वास रोखून ऐकत होती. एकच चंद्र, सगळ्यांनी पाहिलेला, आणि त्याचं माप दोन गावांचंही जुळेना. तरीही ही माणसं, एकमेकांची तोंडं न पाहिलेली, एका शब्दाचा अर्थ सगळ्यांसाठी एक व्हावा म्हणून धडपडत होती. तिचे डोळे भरून आले.

शेवटी ठरलं ते असं. कालावधीचे दोन प्रकार करायचे, एक वर्षं-महिन्यांचा, दुसरा दिवस-तासांचा. दोघांची एकमेकांशी तुलना करायची नाही. व्याख्या एकाच जागी लिहायची, आणि दोन्ही मसुद्यांनी तिच्याकडेच बोट दाखवायचं.

फोन बंद झाला तरी खुशालभाऊ पेटीकडेच बघत होते. "बाप्पा! एका शब्दासाठी एवढी दुनिया जमा झाली."

दुसऱ्या दिवशी कुंता रोपवाटिकेत गेली आणि तिथल्या पत्रूभाऊंना विचारलं, "महिना म्हंजे किती दिवस धरू?"

पत्रूभाऊ हसले. "तीस लिहा ना बाई. रोपाले काय, खताशी मतलब."

तिने प्रश्नातला 'एक महिना' काढून 'तीस दिवस' लिहिलं. दोन्ही प्रोग्रामनी तेच वाफे दाखवले.

दिवाळीच्या सुमारास नवे मसुदे निघाले. दोन्हींतली 'कालावधी'ची जागा कुंताने पुन्हापुन्हा वाचली. सोबत पुढच्या बुधवारचा विषय आला होता. रकान्यात काही लिहिलेलं नसणं आणि रकानाच नसणं, हे एकच की दोन?

"खुशालभाऊ," तिने हाक मारली, "प्राचार्यांच्या खोलीची चावी बुधवारसाठी मागून ठेवा बरं."