धुतलेला निळा, कोरा निळा

मी एक तागा बोलतोय. सुती कापडाचा, निळ्या रंगाचा. निळा म्हटल्यावर लगेच आकाश नि समुद्र डोळ्यांसमोर आणू नका, माझी तेवढी ऐपत नाही. शाळेच्या सदऱ्यावर शाई सांडावी, आईने ती घासघासून काढावी आणि मागे जो रंग उरावा, तो माझा. अर्थात तो धुतल्यानंतरचा. कोरा होतो तेव्हा मी चांगला गडद होतो आणि त्याचा मला थोडा तोराही होता. माझ्या आयुष्यात जे काही रामायण घडलं ते या दोन निळ्यांमुळे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जन्माचं फारसं आठवत नाही. कापूस होतो, मग सूत झालो, मग मागाच्या खडखडाटात कान किटले. रंगाच्या हौदात बुचकळून काढलं, वाळवलं, पुठ्ठ्यावर घट्ट गुंडाळलं आणि टेंपोत घालून एका अरुंद गल्लीतल्या दुकानात आणून सोडलं. दुकानाच्या एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. त्यामुळे आमच्याकडे डोकावणारी बरीचशी माणसं गाल धरून यायची आणि दार चुकलं म्हणून परत फिरायची.

आत तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर आम्ही तागे, मधोमध एक लांब टेबल. दुकान होतं फक्त गोधड्या शिवणाऱ्यांसाठी. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. शेजारचे दातांचे डॉक्टर त्यांच्याहून वयाने मोठे, पण तेही काकूच म्हणत.

काकूंची एक पद्धत होती. नवा तागा आला की त्या पहिला हातरुमालाएवढा तुकडा कापायच्या, तो घरी नेऊन साबणाने खसाखसा धुवायच्या आणि वाळवून काचेजवळच्या दोरीला चिमट्याने अडकवायच्या. "कोरं कापड सगळंच देखणं असतं," त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. "संसार धुतलेल्याशी करायचाय. ते बघून घ्या."

तुम्ही म्हणाल, तुकडा दोरीवर आणि तू फळीवर, मग तुला त्याचं काय कळणार? आम्हा कापडांचं तसं नसतं. कात्री कापडाचे दोन भाग करते, जीव एकच राहतो. माझा तुकडा जिथे, तिथे मी. आज मी एका बाळाच्या पायाशी आहे, एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगाखाली आहे, आणि एका बाईंनी माझी पिशवी शिवली, तिच्यात सध्या कांदे आहेत. माझी काही तक्रार नाही. आम्हाला भीती असते ती फक्त फळीवर राहून जाण्याची.

आणि ती वेळ यायला लागली. मुख्य रस्त्यावर एक मोठं दुकान उघडलं. सरकता जिना, थंडगार हवा, कापड निम्म्या भावात. तेव्हापासून आमच्याकडे लोक येत, पण वेगळ्याच कामाला. मला खाली काढायला लावत, उलगडत, गालाला लावून बघत. कोणत्या रंगाशेजारी कोणता ठेवू, आत कापूस किती भरू, धावदोरा किती अंतराने घालू, सगळं काकूंना विचारून घेत. मग माझा फोटो काढत. सुरुवातीला मला वाटलं, मी फारच देखणा दिसत असणार! फोटो झाला की म्हणत, "घरी विचारून सांगते हं काकू." घरी कुणाला विचारतात कोण जाणे. एकटी राहणारी माणसंसुद्धा घरीच विचारायची.

काकू मला पुन्हा गुंडाळायच्या, फळीवर ठेवायच्या आणि टेबल पुसायच्या. टेबलावर काहीही नसताना पुसायच्या.

या सगळ्यात न बदललेल्या एक ताई होत्या. त्यांचे यजमान वायरमन, आता निवृत्त. ताई आत टेबलाशी रमायच्या आणि वायरमनभाऊ बाहेर पिशव्या धरून उभे राहायचे. कापडाच्या दुकानात पाऊल टाकलं तर आपल्याला शिवायला बसवतील, अशी त्यांना धास्ती असावी.

ताईंनी जन्मभर गोधड्या शिवल्या, त्या भाचरांच्या, नातवंडांच्या, शेजारणीच्या सुनेच्या. एकदा मला टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, "काकू, ही मात्र आमच्या दोघांची. आमची आहे ती पार विरलीय. पाय लांब केला की ह्यांचा अंगठा बाहेर येतो." माझं कापड त्यांनी नेलं, आधी धुतलं, मग चौकोन कापले. निम्मा वरचा थर जोडून झाला आणि त्या आजारी पडल्या.

त्या उठल्या, पण उजवा हात उठला नाही. बोलणं जरा जड झालं आणि जेवढं येत होतं तेवढंही त्या बोलेनात. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायच्या. वायरमनभाऊ समोर ताट ठेवायचे, औषध द्यायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे. निम्म्या गोधडीत मी कपाटात घडी होऊन पडलो होतो, म्हणून हे सगळं मला माहीत.

एके दुपारी भाऊंनी ती गोधडी बाहेर काढली, सुईत दोरा ओवला आणि ताईंच्या समोर बसून सुरुवात केली. दोनतीन टाके पडले. मग खिडकीकडून आवाज आला, "अहो, तार ओढताय की टाका घालताय?"

भाऊंचा हात थांबला. कित्येक दिवसांनी ती आपणहून बोलली होती, तीही टोमणा! त्यांनी मान खाली घालून मुद्दाम आणखी एक वाकडा टाका घातला.

"उसवा," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ते शिवायचे आणि ताई भांडायच्या. जोपर्यंत गोधडी चालू, तोपर्यंत ताई बोलत्या, हे भाऊंनी मनाशी पक्कं धरलं. आणि मग चौकोन संपले.

"निळं आणा," ताईंनी सांगितलं. "त्याच ताग्यातलं. दुसरं चालणार नाही."

भाऊ पहिल्यांदा एकटे दुकानात आले. काकूंनी मला टेबलावर ठेवलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. घरचे चौकोन फिकट निळे आणि मी हा असा गडद! त्यांना वाटलं, हा तो तागाच नव्हे, काकूंची गल्लत झाली. विचारायचं सोडून ते इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात त्यांना दोरीवरचा माझा धुतलेला तुकडा दिसला. तंतोतंत घरच्यासारखा. काकू फोन घ्यायला आत गेल्या आणि या सरळमार्गी माणसाने, ज्याने नोकरीत कधी वायरीचा तुकडा घरी आणला नाही, त्याने चिमटा दाबून मला खिशात घातलं. "घरी विचारून येतो," असं आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि सटकले.

खिशातून मी मोठ्या दुकानात गेलो. सरकत्या जिन्यावर भाऊ कठडा धरून उभे. वर तागेच तागे, पण कुणाचा तुकडा धुऊन टांगलेला नाही. भाऊ मला एकेकाशी लावून बघत होते. शेवटी एक निळा सापडला. माझ्याशेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही असा. भाव निम्मा. भाऊ स्वतःवर खूश. मी ओरडून सांगत होतो, अहो भाऊ, मी धुतलेला आहे, तो कोरा आहे! पण कापडाचं कोण ऐकतं?

घरी ताईंनी डाव्या हाताने नवं कापड चाचपलं. "त्याच ताग्यातलं?"

"मग! तुझी काकू काय दुसरं देईल?"

"धुऊन घ्या आधी."

"धुतलं धुतलं," भाऊंनी रेटून सांगितलं. एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसरं खोटं सोपं जातं. शिवाय त्यांना दम निघत नव्हता. जोडकाम लवकर सुरू झालं तर ताई लवकर भांडायला लागतील.

आठवडा छान गेला. भांडणं, टोमणे, उसवणं, पुन्हा घालणं. वरचा थर पुरा होत आला आणि औषधाची बाटली त्यावर कलंडली, गुलाबी, चिकट. भाऊंनी घाईघाईने सगळा थर बादलीत भिजवला. सकाळी बघतात तर पाणी निळं. दोरीवर वाळत घातल्यावर तर बघवेना. ताईंच्या हाताने जोडलेला मी जसाच्या तसा, आणि भाऊंच्या हाताने जोडलेले चौकोन फिक्कट पांढरे, आकसलेले, शिवणी ओढल्या गेलेल्या. अर्धी गोधडी सपाट आणि अर्धी रुसल्यासारखी.

भाऊंना वाटलं, आता ही पुन्हा खिडकीकडे तोंड करणार. त्यांनी खिशातून माझा तुकडा काढला, ताईंच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. दोरी, चिमटा, सरकता जिना, सगळं.

ताईंनी तुकडा पाहिला. वाळत घातलेली गोधडी पाहिली. आणि त्या हसायला लागल्या. आजाराने एका बाजूला ओढलेल्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "चोरी केलीत? तुम्ही?" मग हसणं थांबलं आणि पाणी तेवढं येत राहिलं. ते त्यांनी डाव्या हाताने पुसलं.

"मला काकूंकडे घेऊन चला," त्या म्हणाल्या. आजारपणानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

इकडे दुकानात काय चाललं होतं ते तर ऐका. काकूंनी जमिनीवर जुन्या चादरी पसरल्या होत्या आणि आम्हाला त्यांत बांधायला घेतलं होतं. वजनावर कापड घेणारा गाडीवाला येणार होता. तो घेतो त्या कापडाचं पुढे काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असतं. गॅरेजात तेलाचे हात पुसायचे. मी तिसऱ्या गाठोड्यात, सगळ्यांत खाली होतो. मनाची तयारी केली होती, पण काकू प्रत्येकावरची धूळ पुसून मगच गाठोड्यात ठेवत होत्या, ते सोसत नव्हतं.

दारात भाऊंचा हात धरून ताई उभ्या राहिल्या. काकू गाठ मारता मारता थांबल्या.

"ताई? अहो, बसा, बसा आधी. पाणी देऊ?"

"हे काय चाललंय?"

"आवरतेय. किती दिवस ओढणार?"

ताई खुर्चीत बसल्या, गोधडी टेबलावर पसरायला लावली. काकूंनी एक नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "धुतलेल्याशी कोऱ्याची जोडी लावलीत!" मग भाऊंनी पुढे केलेला माझा तुकडा त्यांना दिसला. "हा तुमच्याकडे होय! मला वाटलं वाऱ्याने गेला."

"चुकलं माझं," भाऊ म्हणाले. "त्याचे पैसे..."

"भाऊ, त्या चिंधीचं काही नाही हो." काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "विचारलं का नाहीत? एवढंच विचारायचं होतं, की काकू, हा गडद का दिसतो? मी सांगितलं असतं. आणखी काय करते मी इथे? कापड तर कुठेही मिळतं."

भाऊंना तोंडात मारल्यासारखं झालं. मला मात्र त्या क्षणी काकूंचा फार अभिमान वाटला आणि वाईटही तेवढंच वाटलं.

"काकू," ताई जड जिभेने सावकाश म्हणाल्या, "माझा हात गेला. आता तुम्हीही गेलात तर मी ह्यांना शिकवू कशी? मला एकटीला नाही जमत. हे ऐकत नाहीत."

"अगं, मी..." भाऊ.

"बघा. मध्ये बोलतात."

काकू हसल्या, नाक पुसलं. वाकून तिसऱ्या गाठोड्याची गाठ सोडली, बाकी सगळ्यांना बाजूला करून मला वर काढलं. टेबलावर उलगडलं, शेवटपर्यंत, पुठ्ठा मोकळा होईपर्यंत. लागेल तेवढा होतो. कात्री चालली तेव्हा मला काहीही दुखलं नाही.

आता मी ताई नि भाऊंच्या घरी आहे, या वेळी रीतसर धुतलेला. फिकट चौकोन उसवून माझे घालून झाले, खालचं अस्तरही लागलं. खरं सांगायचं तर गोधडी कधीच पुरी व्हायला हवी होती. पण दर चार दिवसांनी ताईंना एखादा टाका वाकडा दिसतो, मग दोघं मला पिशवीत घालून काकूंना दाखवायला नेतात. काकू म्हणतात सरळ आहे, ताई म्हणतात वाकडा आहे, भाऊ निमूट उसवायला बसतात. परवा तर टाका अगदी सरळ होता. मी पाहिला होता, भाऊंनीही पाहिला होता. त्यांनी कात्री मागितली. हल्ली टेबलाभोवती आणखी दोघीतिघी हे भांडण ऐकायला थांबतात आणि जाताना मीटरभर काहीतरी घेतात.

तेव्हा वाचकहो, एवढीच विनंती. एखाद्या दुकानात आमच्यावरून हात फिरवलात, चार गोष्टी विचारून घेतल्यात, तर निदान थोडं कापड तिथूनच न्या. फोटोने ऊब येत नाही. या दोघांना गोधडी संपवायची घाई नाही, पण तुम्हाला कापड न्यायची असायला हवी. बाकीची गाठोडी अजून टेबलाखालीच आहेत. काकूंनी ती सोडलेली नाहीत, आणि त्या दिवशी परत पाठवलेल्या गाडीवाल्याला पुन्हा फोनही केलेला नाही.