जर्मनीला गेलेली विळी

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. मनोरच्या बाजारातल्या एका लोहाराने माझे पाते घडवले. सफाळ्याच्या पुढे, डोंगराकडच्या एका पाड्यात सुगंधाबाईंच्या घरी मी वीस वर्षे भाजी चिरली. त्यांची मुलगी जिवली चिरायला शिकली ती माझ्यावरच. पाण्याचा अभ्यास करायला जर्मनीतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती तिला मिळाली, तेव्हा आईने मला जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत ठेवले. "तुजा हात हिच्यावर बसलाय. ने."

तिथे वसतिगृहात सहा मुलींना मिळून एक स्वयंपाकघर होते. जमिनीवर उभे असलेले माझे पाते पाहून क्लारा नावाची मुलगी दचकली. "हे धोकादायक आहे. इथे नको," ती तोंडावर म्हणाली.

जिवलीने मुकाट्याने मला पलंगाखाली सरकवले. त्यानंतर ती स्वयंपाकघरात जाईनाशी झाली. खोलीतच पाव खाऊन राही. वर्गातही गप्प बसे, कारण शिक्षकांचे म्हणणे खोडणे तिला उद्धटपणाचे वाटे. माझ्यावर गंज चढू लागला. एके दिवशी ती फोनवर रडली. "आये, मी परत येते. हितं माजं कोनी नाय."

"ये की. पन त्या पोरीला तू काय बोललीस का?"

"नाय."

"मंग तिला कसं कळंल?"

दुसऱ्या दिवशी जिवलीने मला घासूनपुसून स्वयंपाकघरात नेले. कागद पसरला, माझ्या पाटावर पाय दाबून ती बसली आणि भोपळा चिरू लागली. क्लारा आली तशी ती म्हणाली, "तू 'इथे नको' म्हणालीस, ते मला फार लागलं."

क्लारा गोंधळली. "मला भीती वाटली, म्हणून सरळ सांगितलं. आमच्याकडे असंच बोलतात. मला वाटलं, पटलं नाही तर तूही सांगशील."

"आमच्याकडे आधी विचारतात."

क्लारा जमिनीवर टेकत म्हणाली, "बरं, विचारते. पाय कुठे ठेवायचा?" तिला बसायला काही जमेना, ती कलंडली आणि दोघी पोट धरून हसल्या.

त्याच आठवड्यात जिवलीने वर्गात प्रथमच हात वर केला. "सर, हे सूत्र आमच्या डोंगराला लागू पडत नाही." सरांनी हसून खडू तिच्या हाती दिला. मला तिचा केवढा अभिमान वाटला!

आज जिवली पालघरच्या पाड्यांमध्ये पाण्याचे काम करते. मला मात्र क्लाराने हट्टाने मागून घेतले. वसतिगृहात आलेली नवी मुलगी मला पाहून दचकली, की क्लारा म्हणते, "बस, दाखवते."

मित्रांनो, चिरून झाले की आम्हा विळ्यांना धुऊन कोरडे करत जा. आणि कुणी अनोळखी भेटले, तर दूर सारण्याआधी त्याच्याशेजारी जरा बसा.