कंदील-मुशी आणि मॉस

"मॅडम, तुम्ही वनस्पती आणि प्राणी दोन्ही शिकवता ना? मग फ्युनारिया मॉस आणि खोल समुद्रातली कंदील-मुशी यांची तुलना करा," समितीतले गृहस्थ मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. शेजारचे दोघे गालातल्या गालात हसले.

गीतांजलीची बोटं ओढणीच्या टोकाशी चाळा करत होती. परतवाड्यात चौदा वर्षं तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवून ती अकोल्याला कायम जागेच्या मुलाखतीला आली होती. वयोमर्यादेमुळे ही शेवटचीच. प्रश्न थट्टेचा आहे हे तिला कळलं. पण उत्तर येत होतं, म्हणून ती बोलू लागली.

"मॉसला खरी मुळं नसतात, सर. मुशी म्हणजे लहान शार्क, तिला हाडं नसतात, नुसती कूर्चा. तरी दोघांचंही कुळ डायनासोरच्या आधीचं. भिंतीवरचं मॉस उन्हाळ्यात वाळतं, पण बीजाणू टाकून जातं. पावसात त्याच भिंतीवर परत उगवतं. मुशीला पिल्लं मोजकीच. मुश्या जाळ्यात गेल्या, की ती तूट भरून निघायला..."

"बस, बस. थँक्यू मॅडम."

"...फार वर्षं लागतात," तिनं वाक्य पुरं केलं आणि मगच उठली.

बाहेर कारकून एका तरुणाला हळूच सांगत होता, "तुमचं पत्र तयारच हाय. सोमवारी रुजू व्हा." आत जायचे अजून चार उमेदवार बाकावर बसले होते.

फाटकापाशी तिचा नवरा श्रावण मोटरसायकलला टेकून उभा होता. बागेतली संत्र्याची तोड अर्धवट टाकून आला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं निकालाचं काढलंच नाही.

"काय इचारलं?"

"शेवाळ आन् मासा. थट्टा करून राहिले होते."

"मंग, तुले आलं?"

"आलं."

"कोन्ता मासा?"

"खोल समुद्रातला. पोटाले उजेड असते त्याच्या."

"अंधारात दिसाले?"

"नाही. खालून कोनाले दिसू नये म्हून. वरून जरासा उजेड येते, त्याच्यात तो मिसळून जाते."

श्रावण किल्ली हातात धरून उभा राहिला. "उजेड असून दिसत नाही?"

"नाही."

"आनखी सांग," तो म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.

वाटेतलं अकोट येईपर्यंत ती मागून सांगत होती. वाऱ्यात शब्द जाऊ नयेत म्हणून श्रावण गाडी हळू चालवत होता.