आईनं न घेतलेलं नाव

आमच्या घरात केशर हे नाव आई सोडून सगळे घेतात. केशर म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. ती जन्मली त्याच्या महिनाभर आधी आजी वारली. आजीचं नाव केशरबाई. आबा म्हणाले, माझी आई परत आली, आणि पाळण्यात तेच नाव ठेवून मोकळे झाले. आईला कुणी विचारलं नाही. सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नसतं, आणि सासू गेली तरी तिचं नाव काही जात नाही. म्हणून पोटची पोर आईसाठी नुसती 'ए पोरी' होती. मग मी जन्मले, पोरीची 'अक्का' झाली आणि आईची सोय झाली. माझा घराला झालेला हा पहिला उपयोग.

आईचा नेम लय कडक. केशरी भाताला ती पिवळा भात म्हणते. पंधरा ऑगस्टसाठी मी झेंड्याचे रंग पाठ करायले होते, तर म्हणाली, "वरचा, पांढरा, हिरवा. झालं पाठ."

दुष्काळापायी दोनदा लांबलेलं अक्काचं लग्न यंदा ठरलं. मुलगा मानवतचा, कापसाच्या अडतीवर कामाला, नाव भुजंग. साखरपुड्यात कळलं की त्याच्या आईचं नावही केशरबाई. मुलाची आत्या चांगुणाबाई, तिनं तिथल्या तिथं निकाल दिला. घरात आधीची थोरली सून आहे, तिनं धाकटीला हाक कशी मारायची? सासूचंच नाव होतं ते. तेव्हा लग्नात तांदळाच्या ताटात भुजंग अंगठीनं नवं नाव लिहील. सुनंदा.

आबांनी मान हलवली. मुलीच्या बापाची मान त्या दिवशी एकाच दिशेनं हलते.

अक्का मला विहिरीवर म्हणाली, "घर त्यांचं, आडनाव त्यांचं, समदं घेते मी. नाव तेवढं माझं राहू द्या म्हणावं."

कुणाला म्हणावं ते तिनं सांगितलं नाही, म्हणून मीच मनावर घेतलं. यंदा मी शाळेत भाषणात पहिली आलेय. वऱ्हाड आमच्या गावी पिंगळीला उतरलं तसं मी आधी थोरल्या सुनेला गाठलं. ती माहेरची बायना, मानवतला मंदाकिनी. तिचं म्हणणं, नवं नाव हळूहळू अंगाला लागतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती तिच्या. तेवढ्यात मागून कुणीतरी मंदाकिनी म्हणून हाक मारली. तिसऱ्या हाकेला ती उठली.

मग चांगुणाबाईंपुढं मी भाषण केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मला पाणी आणायला पाठवलं.

लग्न लागलं. ताट आलं, तांदूळ पसरले. भुजंगरावांनी अंगठी काढून 'सु' लिहिला. अक्का ताटाकडं न बघता स्वतःच्या पायांकडं बघायली होती.

तेव्हा आई पुढं झाली. तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

"माझ्या पोरीचं नाव केशर हाय."

आबा भिंत बोलल्यासारखे आईकडं बघायले.

"अवो विहीणबाई," चांगुणाबाई म्हणाल्या, "सासूचं नाव घेतलं की तुमी."

"लेकीचं घेतलं. सासूबाई घेतील समजून."

मग नवरदेवाची आई बोलली. ती माहेरची सुला. केशर हे नाव तिलाही असंच ताटातून मिळालेलं. "तवापासून त्या नावानं मला एकानं हाक मारली न्हाई," ती म्हणाली. "मालक अगं म्हणतेत, पोरं बाई म्हणतेत. नाव कोरं करकरीत पडलंय. वापरू द्या तिला."

थोरलीनं काय म्हणायचं, हे चांगुणाबाईंनी पुन्हा काढलं. थोरली म्हणाली, मी धाकटे म्हणीन, त्यात काय. भुजंगरावांनी तळहातानं 'सु' मोडला आणि 'केशर' लिहिलं. अक्षर काही बरं नव्हतं, पण अक्का बघत राहिली.

पहिल्या सणाला अक्का माहेरी आली. आई दारातूनच म्हणाली, "केशर, पाय धू अन् आत ये."

अक्कानं मागं वळून बघितलं, आपल्यासंगं आणखी कोण आलंय म्हणून.