साहेबांची डावी भुवई

साबणाच्या त्या कारखान्यात वजनकाटे होते, थर्मामीटर होते, एक छोटी प्रयोगशाळाही होती. पण माल बाहेर पडायचा तो साहेबांच्या नाकाखालून. नवा घाणा उतरला की पहिली वडी पांढऱ्या बशीत ठेवून साहेबांच्या खोलीत आणायची. सगळे सात खातेप्रमुख टेबलाभोवती उभे राहायचे. साहेब वडी उचलायचे, डोळे मिटायचे आणि हुंगायचे. डावी भुवई वर गेली की माल पास. ती जागची हलली नाही, तर अख्खा घाणा फुकट. आणि भुवईचा निकाल लागेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही.

हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. फार पूर्वी एका केमिस्टने साहेबांच्या आधी तोंड उघडून 'गुलाब जरा जास्त झालाय' असं म्हटलं होतं. गुलाब खरंच जास्त झाला होता. साहेबांनाही ते कळलं होतं. तरी त्याच दुपारी केमिस्टची रवानगी खोकी चिकटवायला झाली आणि तो अजून तिथेच होता. येताजाता त्याला बघून बाकीचे शहाणे झाले. साहेबांना मात्र वाटायचं, आपली माणसं किती एकजुटीची, कधी मतभेद म्हणून नाही. ह्याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला विचाराल तर तो माज होता.

तर अशा ह्या साहेबांना सर्दी झाली. साधी, तुमच्याआमच्यासारखी सर्दी. ती गेली, पण जाताना वास घेऊन गेली. हे आधी कळलं बायकोला. गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते.

"तुम्हाला वास येत नाहीये," ती म्हणाली.

"येतोय. पण प्रत्येक वासाला उठून उभं राहायचं का मी?"

तिने मग मुलाचा फुटबॉलचा मोजा आणला, त्यांना डोळे मिटायला लावले आणि तो नाकाखाली धरला. साहेब थोडा विचार करून "लॅव्हेंडर" म्हणाले, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. कारखान्यात सरळ सांगून टाका, डॉक्टरकडे जा, वास परत येईपर्यंत दुसरं कुणीतरी हुंगेल, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. साहेबांचा पारा चढला. दुसरं कुणीतरी! दुसऱ्या कुणी हुंगलं आणि साबण चांगला निघाला, तर उद्या ह्यांना कोण विचारणार? ही भीती बायकोजवळसुद्धा बोलून दाखवायची त्यांना लाज वाटली.

नेमक्या दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या हॉटेलांसाठी खरेदी करणाऱ्या एक बाई येणार होत्या. वर्षभराचं काम त्या एका भेटीवर होतं. ते हातचं गेलं तर एक भट्टी बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सकाळी नवा घाणा उतरला तो खवट. तेल पिंपातच बिघडलं होतं आणि ते आणलं होतं साहेबांच्या मेहुण्याने, कारण खरेदीखातं त्याच्याकडे. भट्टीप्रमुख बाईंना कढई तापताच वास आला होता. पण त्या निर्धास्त होत्या. साहेबांच्या नाकातून हे सुटायचं नाही, भुवई हलायची नाही, हा घाणा ओतून देऊ आणि पाहुण्या यायच्या आत दुसरा काढू. आपण होऊन ओतून द्यायचा? खोकी चिकटवायची त्यांना हौस नव्हती.

साहेबांनीही एक युक्ती काढली होती. आज डोळे पुरते मिटायचेच नाहीत. किलकिल्या डोळ्यांनी ह्यांचे चेहरे बघायचे, म्हणजे साबण कसा आहे ते आपोआप कळेल. त्यांनी वडी नाकाशी धरली आणि बघितलं. सातही चेहरे त्यांच्याच चेहऱ्याकडे टक लावून होते. हे त्यांच्याकडे बघतायत, ते ह्यांच्याकडे बघतायत आणि मधे ती वडी दरवळतेय. मेहुण्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. साहेबांना वाटलं, बिचारा भारावलाय.

भट्टीच्या बाईंना राहवलं नाही. साहेब, जरा आणखी जवळून बघता का, असं त्यांनी हळूच सुचवलं. आपल्याला हुंगायला शिकवू नका, असं साहेबांनी त्यांना सुनावलं आणि वडी इतकी जवळ नेली की तिची भुकटी नाकात गेली. शिंक आली. चारचौघांत शिंकणं साहेबांना कमीपणाचं वाटायचं. त्यांनी ओठ आवळले, श्वास कोंडला आणि त्या ओढाताणीत डावी भुवई थेट कपाळात गेली.

"वा!" सातही जण एका सुरात म्हणाले.

शिंक जिरली. साहेब खूश झाले. सात माणसं इतक्या मनापासून वाखाणतात म्हणजे साबण फक्कडच असणार. आणि भट्टीच्या बाईंना वाटलं, साहेबांना आवडला म्हणजे आपलंच नाक अडाणी. हजारभर वड्या वेष्टनात गेल्या.

पाहुण्या बाई आल्या. त्यांनी एक वडी उघडली, हुंगली आणि उठून खिडकी उघडली. हे कुणी पास केलं, असं त्यांनी विचारलं. मी स्वतः, असं साहेब छाती पुढे काढून म्हणाले. बाईंनी मग एकेकाला साबण कसा वाटतो ते विचारलं. कुणी सुरेख म्हणालं, कुणी प्रसन्न, कुणी बागेत गेल्यासारखं वाटतं म्हणालं.

"हा लावल्यावर तो वास घालवायला दुसरा साबण लागेल," पाहुण्या बाई म्हणाल्या. "तो कुठे मिळतो तेवढं सांगा." उत्तराची वाट न बघता त्या पर्स उचलून चालत्या झाल्या.

साहेबांनी उघडी वडी हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा माणसांना विचारलं, "खरं सांगा, कसा आहे वास?" सातही जण त्यांचा चेहरा न्याहाळायला लागले. साहेबांनी चेहरा गंभीर केला, तसे ते गंभीर झाले. साहेब कसनुसं हसले, तसे तेही हसले. आता मात्र साहेबांच्या अंगावर काटा आला. ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"माझ्याकडे बघू नका. बोला."

कुणी बोलेना. पाठीवर भुवई नसते. पाठीवरून काय ओळखणार? शेवटी साहेबांचा धीर सुटला. जे बायकोपाशी कबूल केलं नव्हतं, ते त्यांनी भिंतीला सांगितलं.

"मला वास येत नाही. काहीच येत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळायचं नाही."

मागे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मेहुण्याने नाकावरचा रुमाल बाजूला केला आणि सगळ्यांच्या वतीने अगदी आपुलकीने सांगितलं, "आम्हालाही नाही येत, दाजी."