निळ्या रंगाखालचा धातू

शेडच्या छपरातून उतरणारे कवडसे पंखांवर पडले होते. वाऱ्याने पत्रा हलला की ते विमान जागच्या जागी तरंगत असल्याचा भास होई. घड्याळजी व त्यांची थोरली बहीण, दोघांनी अकरा वर्षे खपून ते बांधले होते. घड्याळजींचे आयुष्य घड्याळे दुरुस्त करण्यात गेले, आक्कांचे पाट्या रंगवण्यात. उघडा धातू आक्कांना बघवत नसे. निळ्या रंगाचे दोन हात दिल्यावाचून कोणताही भाग बसवायचा नाही, हा त्यांचा दंडक.

घड्याळजींच्या वैद्यकीय दाखल्याची मुदत आज सूर्यास्ताला संपत होती, आणि पुढचा दाखला मिळणार नाही हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. उडायचे तर आजच. परंतु इंजिन सुरू केले की तेलाचा दाब दाखवणारा काटा क्षणभर उभा राही आणि मग पेंगुळल्यासारखा शून्यावर टेके.

"काटा झोपलेला असताना मी तुला वर सोडायची नाही," आक्का म्हणाल्या.

"आक्का, सत्तरीचा झालो मी."

"वयाचं काय सांगतोस? अक्कल कधी येते, त्याची वाट बघतेय."

घड्याळजींनी तेलाच्या नळीवर साधा दाबमापक थेट बसवून पाहिला. दाब उत्तम होता. म्हणजे इंजिन निरोगी, खोटे बोलतो तो दाब मोजून काट्याला कळवणारा सेन्सर. त्यांनी नवा सेन्सर लावला. काटा पुन्हा निजला. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. ती अखंड होती.

मग ते स्टुलावर डोळे मिटून बसले. बंद पडलेले घड्याळ हाती आले की काय मोडले हे ते आधी शोधत नसत. कोण कोणाला स्पर्श करीत नाही, एवढेच मनाला विचारीत. वीज वायरीने सेन्सरपर्यंत जाते. परत कशी येते? सेन्सरच्या पितळी अंगातून, तो ज्या पट्टीवर बसला आहे त्या पट्टीतून.

त्यांनी डोळे उघडले. पट्टी आकाशासारखी निळी होती, आणि रंगातून वीज जात नाही.

एक जादा वायर चिमट्यांनी सेन्सरच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जोडून त्यांनी इंजिन सुरू केले. काटा उभा राहिला, आणि उभाच राहिला.

इंजिन बंद झाल्यावर आक्का हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझाच हात आडवा आला."

"एक नाही, दोन हात. एकावर भागव म्हणत होतो मी."

"पुरे. सर बाजूला."

आक्कांनी स्वतः सुरी घेऊन सेन्सरच्या बैठकीपुरता रंग खरवडला. निळ्यातून रुपेरी चकती उगवली. नवी चाचणी झाली. जादा वायरीवाचून काटा जागा राहिला. मग आक्कांनी बारीक कुंचला काढला आणि चकतीशेजारी आपल्या सर्वांत देखण्या अक्षरांत लिहिले: 'येथे रंग देऊ नये.'

सूर्य हातभर उरला असताना विमान उठले. शेतांवरून त्याची सावली मोठी, फिकट होत गेली आणि विरली. आक्का धावपट्टीच्या कडेला खरवडलेल्या रंगाची निळी टरफले मुठीत धरून उभ्या होत्या.

ते उतरले तेव्हा क्षितिजावर सूर्याची एक रेघ तेवढी उरली होती. आक्कांनी आधी भावाकडे न पाहता खिडकीतून आत डोकावले. काटा ताठ होता. घड्याळजींनी इंजिन बंद केले, तसा तो सावकाश खाली आला.

"निजू दे आता त्याला," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी मूठ उघडली.