राखणीचा बोकड

बाबलीच्या मांगरातल्या, म्हणजे बकऱ्यांच्या गोठ्यातल्या, कुत्र्याला नाव नव्हतं, आणि ते बाबलीने मुद्दामच ठेवलं नव्हतं. दोन वर्षांत बिबट्याने नऊ बकऱ्या उचलल्यावर दोडामार्गच्या बाजारात भेटलेल्या एका धनगराने त्याला तोड सांगितली होती: पिल्लू दुधावरचं असतानाच बकऱ्यांत टाक, लाड करू नकोस, हाक मारू नकोस. बाबली हट्टी माणूस, त्याने शब्दन् शब्द पाळला. करडू गमावलेल्या एका बकरीने पिल्लाला पाजलंसुद्धा. बायको विमला एकदा त्याला कुरवाळायला गेली, तर बाबली खेकसला.

"हात लावू नको तेका! तो घरातलो जातलो. माका तो बकऱ्यांचो व्हयो."

"म्हणजे तुमच्यासारखोच," विमला म्हणाली, "कोणाच्या हाकेक ओ नाय."

पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर बाबलीने शिकवणी सुरू केली. डोक्यावरून घोंगडी ओढून मांगरात शिरायचं, एखाद्या करडाचा मागचा पाय धरून ओढायचा, ते बोंबललं आणि कुत्रा गुरगुरत अंगावर आला की बाहेर पळायचं. मग घोंगडी टाकून भाकरी घेऊन परत यायचं. महिन्याभरात घोंगडीच्या चिंध्या झाल्या आणि बाबली गावभर त्या दाखवत फिरला. वर्षभर एकही बकरी गेली नाही.

पण त्याने दोन्हीकडून सोय केली होती. बकऱ्या वाचल्या तर गावच्या सीमेवरच्या राखणदार देवाला दरवर्षीच्या कोंबड्याऐवजी बोकड देईन, असा नवसही तो बोलून बसला होता. त्यामुळे वर्ष सरल्यावर श्रेय राखणदाराला गेलं. कुत्र्याला कोण विचारतो?

राखणीच्या, म्हणजे राखणदाराला बळी द्यायच्या सकाळी, देवाचं मानपान करणारा गावकर महादू मांगराबाहेर सुरी घेऊन उभा राहिला. बाबली उघड्या डोक्याने आत गेला. बोकड हलेना, तेव्हा त्याने सवयीने त्याचा मागचा पाय धरला आणि ओढला. बोकड बोंबलला. दुसऱ्या क्षणी कुत्र्याचे दात बाबलीच्या मनगटात होते.

"पिसाळलो! दांडो हाड!" महादू दांडा मागत ओरडला.

"दांडो नको. तो पिसाळूक नाय," बाबली रक्त दाबत म्हणाला. "मीच तेका ह्या शिकवलंय."

शेवटी जाळं टाकून कुत्र्याला धरलं आणि बोकड ठरल्या वेळी कापला गेला. आरोग्य केंद्रात सुई टोचता टोचता नर्सबाई म्हणाल्या, "कुत्र्याला मारू नका. दहा दिवस बांधून लक्ष ठेवा. ठणठणीत राहिला तर तो पिसाळलेला नव्हता." बाबली त्याला मांगरातच बांधू शकला असता. पण महादूने सगळ्यांदेखत बजावलं, बकऱ्यांत ठेवशील तर त्याही पिसाळतील. आणि खरं सांगायचं तर बाबलीलाही आता त्याची भीती वाटत होती. त्याने त्याला घरामागच्या फणसाला साखळीने बांधलं.

रोज तिन्हीसांजेला कुत्रा साखळीला हिसके देई. मानेची साल निघाली.

"सोडा तेका," विमला म्हणाली. "बकऱ्या कशे वराडतत बघा."

"चार दीस रवलेत फक्त," बाबली म्हणाला.

सातव्या दिवशी सकाळी मांगराचं दार मोडलेलं होतं. पाच बकऱ्या गळे फाटून पडल्या होत्या, त्यांतलीच एक कुत्र्याला लहानपणी दूध पाजणारी. सहावीला बिबट्या घेऊन गेला होता. गवताच्या भाऱ्यामागे एकच करडू थरथरत उभं होतं. फणसाखाली कुत्र्याने हातभर माती उकरली होती आणि साखळी रक्ताने माखली होती.

महादू आला, बघून चुकचुकला. "राखणदार कोपलो रे, बाबली."

"राखणदार खंयचो कोपता?" बाबली म्हणाला. त्याला बोलताना रडू फुटलं आणि ते त्याने लपवलं नाही. "तेका मीच फणसाक बांधून ठेवलंय."

दहावा दिवस भरला. कुत्रा ठणठणीत होता. बाबलीने साखळी काढताच तो सरळ मांगरात गेला. जिथे जिथे बकऱ्या पडल्या होत्या ती जमीन त्याने हुंगली, आणि मग करडाजवळ जाऊन त्याचं तोंड चाटू लागला. बाबली भाकरी घेऊन दारात आला. डोक्यावर घोंगडी नव्हती, हातात काठी नव्हती. कुत्रा उठला, करडाच्या पुढे उभा राहिला आणि बाबलीकडे बघून गुरगुरला.

बाबलीने भाकरी उंबऱ्यावर ठेवली आणि तो बाहेरच मातीत बसला.

"काय झाला?" विमलाने घरातून विचारलं.

"काय नाय," बाबली म्हणाला. "तेणा माका बरोबर वळाखल्यान."